अंगठा

रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी फोन थरथरला. मी उशीखाली हात घालून तो बाहेर ओढला, चष्मा न लावताच. पडद्यावर एक ओळ, तिच्याखाली दोन चौकोन, एक हिरवा, एक करडा. हिरव्यावर अंगठा टेकवला, फोन पालथा घातला आणि कुशीवर वळलो. खाली वॉचमन गेटच्या साखळीला कुलूप लावत होता, त्याचा आवाज आठवतोय. हिरव्या चौकोनाच्या वर काय लिहिलं होतं, ते मात्र काही केल्या आठवत नाही. सकाळी चहा झाला, आईच्या गोळ्या काढून झाल्या, लेकीला क्लासला सोडून झालं, तरी रात्री आपण काही मंजूर केलंय हे डोक्यात नव्हतं. साडेदहाला ऑफिसात बॅकअपचा रिपोर्ट उघडला तेव्हा एका जॉबपुढे, म्हणजे एका मशीनच्या ठरलेल्या बॅकअपपुढे, पिवळं चिन्ह होतं: सात रिस्टोर पॉइंट (मशीनच्या मागच्या दिवसांच्या प्रती) काढता आले नाहीत, कुलूप आहे. मी मनात म्हटलं, काढायला सांगितलं कुणी? जॉब उघडला. जुनं मशीन, रोज एक पॉइंट, असे तीस पॉइंट असायला हवे होते. होते चौदा.

सोळा गेले होते.

तसं पाहिलं तर काहीच बिघडलं नाही. त्या मशीनवर कोणी काम करतं की नाही, हेसुद्धा मला धड माहीत नव्हतं. मॅनेजरला सांगितलं, तर तो म्हणाला, "चौदा आहेत ना शिल्लक? मग ठीक आहे." हे चौदा वाचले त्यात माझं काही कर्तृत्व नाही. आमच्या बॅकअपवर चौदा दिवसांचं ऑब्जेक्ट लॉक आहे, म्हणजे तेवढे दिवस प्रत पुसताच येत नाही. ॲमेझॉनने २०१८ च्या नोव्हेंबरात एस-थ्री या आपल्या क्लाउडवरच्या साठवणीत ही सोय आणली, आणि तिचा कम्प्लायन्स मोड लावला की मुदत संपेपर्यंत खात्याचा मालक स्वतः रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून आला तरी त्याला पुसता येत नाही. कोणी तरी कधी तरी बसून असं कुलूप बनवलं, ज्याला मालकाचीही ओळख नाही, म्हणून माझी अब्रू अर्धी तरी राहिली. आणि जागा करण्यासाठी चाललेल्या या सगळ्या खटाटोपातून मोकळी किती झाली? ३८ जीबी. ब्लॉक, म्हणजे डेटाचे तुकडे, सामायिक असतात, जुना पॉइंट काढला तरी त्याचे बहुतेक ब्लॉक नव्या पॉइंटांनी धरून ठेवलेले असतात. हे मला वीस वर्षं माहीत आहे. जागेपणी विचारलं असतं तर मी हसलो असतो.

मी बॅकअपवाला. घरच्यांना माझं काम अजून कळलेलं नाही. सासरे पाहुण्यांना सांगतात, "हे कॉम्प्युटरच्या कॉप्या काढतात," आणि खरं सांगायचं तर याहून चांगली व्याख्या मलाही जमलेली नाही. पुण्यात हा धंदा घरचाच म्हणायला हरकत नाही. व्हेरिटास या बॅकअप कंपनीचं मोठं डेव्हलपमेंट सेंटर वर्षानुवर्षं इथे होतं, द्रुवा ही दुसरी कंपनी २००८ साली इथेच सुरू झाली. माझ्या वयाच्या आयटीवाल्यांत दर चार माणसांमागे एक तरी कधी ना कधी कोणाच्या तरी बॅकअपच्या कोडमध्ये हात घालून आलेला असतो. मी कोड लिहिणाऱ्यांपैकी नव्हे, वापरणाऱ्यांपैकी. रात्री जॉब लागले की नाही बघायचं, सकाळी लाल-पिवळं निवडायचं, आणि महिन्यातून एकदा कोणी तरी घाबऱ्याघुबऱ्या आवाजात फोन केला की "किती तारखेचं हवंय?" असं शक्य तितक्या शांतपणे विचारायचं. त्या प्रश्नात माझ्या पेशाची सगळी ऐट आहे.

पहिल्या नोकरीत बॅकअप टेपवर असायचा. शिवाजीनगरला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सर्व्हर रूम, दाराशी चपला काढायच्या, आत एसीचा गारठा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. ड्राइव्हमध्ये टेप सरकवली की आधी खट्ट व्हायचं, मग एक लांब कण्हणं, मग दूर कुठे गिरणी चालू असल्यासारखी घरघर. त्या आवाजावरून टेप नीट लागली की नाही हे मला अंधारातही कळायचं. एलटीओ या जातीच्या टेपची पहिली पिढी २००० साली आली तेव्हा तिच्यात शंभर जीबी मावायचे, आणि आम्हाला ते अवाढव्य वाटायचे. आता नवव्या पिढीच्या तेवढ्याच डबीत अठरा टीबी मावतात. सोमवार ते गुरुवार पिवळे स्टिकर, शुक्रवारच्या फुल बॅकअपला लाल. शनिवारी सकाळी ऑफिसातले मामा ती लाल टेप डब्याच्या पिशवीत घालायचे, लुनाला किक मारायचे आणि लक्ष्मी रोडवरच्या बँकेत लॉकरला जायचे. लॉकरला दोन किल्ल्या, एक बँकेची, एक आमची. मामांचं काम एवढंच: लाल टेप ठेवायची, सगळ्यात जुनी लाल परत आणायची, रजिस्टरात सही करायची.

एकदा काय झालं, आमच्या साहेबांनी शनिवारी मामांना जिन्यात गाठलं आणि सांगितलं, येताना जूनची टेपसुद्धा घेऊन या, एका पार्टीला पाठवायची आहे. मामा म्हणाले, "चिठ्ठी द्या." साहेब म्हणाले, अहो मीच सांगतोय ना. मामा म्हणाले, "म्हणूनच चिठ्ठी द्या, सायेब. उद्या तुमीच इचारणार, जूनची टेप गेली कुटं." साहेबांनी चिडत चिडत जिन्यातच खिशातल्या बिलाच्या पाठीवर चिठ्ठी लिहिली. मी वरून बघत होतो आणि मला तेव्हा मामा फार आडमुठे वाटले होते. सातवी झालेला माणूस, आणि इंजिनिअरची अडवणूक करतो! टेपमध्ये काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. लाल आणि पिवळा एवढंच ठाऊक होतं.

टेपची आणखी एक गंमत होती, ती आता डिस्कच्या जमान्यात गेली. व्हेरिटासच्या नेटबॅकअप या सॉफ्टवेअरमध्ये बीपीएक्सपीडेट नावाची आज्ञा आहे, इमेजची, म्हणजे बॅकअपच्या प्रतीची, मुदत बदलणारी. मुदत शून्य दिवस दिली की ती इमेज तत्क्षणी कालबाह्य. 'डिलीट' हा शब्द त्या आज्ञेच्या नावात कुठेच नाही. नुसता एक आकडा बदलायचा, आणि बॅकअप नाही म्हणजे नाही. पण टेप असेल तर खरी पुसली जायची नाही, कॅटलॉगातली, म्हणजे सॉफ्टवेअरच्या यादीतली, नोंद तेवढी जायची. ती टेप कोणी पुन्हा वापरण्याआधी पळत जाऊन काढली, तर इम्पोर्ट करून सगळं परत मिळवता यायचं. मी एकदा असा लॉकरपर्यंत पळालोय, बँक बंद व्हायला दहा मिनिटं असताना, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. टेप मिळाली होती. चुकीला आणि नुकसानीला मधे जरा जागा असायची. लक्ष्मी रोड एवढी.

तर हे टूलचं प्रकरण असं सुरू झालं. कंपनीने ठरवलं की सकाळची लाल-पिवळी निवडानिवड एआय एजंटकडे द्यायची. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने २०२४ च्या नोव्हेंबरात एमसीपी (एआयला बाहेरची टूल जोडायची एक सामायिक पद्धत) आणलं, त्याचं वारं आमच्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. बॅकअप सॉफ्टवेअरला एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामांना त्याच्याकडून काम करून घ्यायची सोय) होताच. त्याचं स्वॅगर पान, म्हणजे सगळ्या आज्ञांची सूची, एकदा उघडून बघा, माउसचं चाक फिरवून बोट दुखेल एवढी लांब यादी: जॉब, सेशन, रेपॉझिटरी, प्रॉक्सी, क्रेडेन्शियल, रिस्टोर, आणि प्रत्येकाची पोटं-उपपोटं. आम्ही आधी शहाण्यासारखं निवडून नऊ टूल बनवली. काल रात्री काय पडलं, ते सांगणारं एक. कुठे किती जागा उरली, ते सांगणारं एक. असं. पण एजंट रोज नवा प्रश्न घेऊन यायचा आणि त्यासाठी टूल नसायचं. मग आम्ही दहावं लिहायचं, अकरावं लिहायचं. शेकड्यांनी लिहावीत तर तेही जमेना, कारण प्रत्येक टूलचं वर्णन मॉडेलच्या डोक्यात आधी भरावं लागतं. शंभर टूलांची यादी वाचूनच ते थकतं आणि भलतंच उचलतं.

आमच्या टीममध्ये एक पोरगी आहे, वय सव्वीस, इचलकरंजीची, माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने टाइप करते. ती एका दुपारी वैतागून म्हणाली, "सर, आपण पोळपाट वेगळा देतोय, लाटणं वेगळं देतोय, झारा मागितला की झारा. त्यापेक्षा अख्खं स्वयंपाकघरच देऊन टाकू या ना." आणि तिने दोनच टूल लिहिली. पहिलं एपीआयच्या पोथीत शोधणारं: तू काय हवं ते सांग, मी पत्ता देतो. दुसरं तो पत्ता घेऊन हाक मारणारं: मेथड (काय करायचं), पाथ (कुठे), बॉडी (सोबतचा मजकूर), बस. पायथनच्या सत्तर ओळी. टोकन, म्हणजे एपीआयची किल्ली, मॉडेलच्या हाती नाही, मधे कोडची एक भिंत उभी केली आणि टोकन तिथे ठेवलं. भिंतीचा नियम शेंबड्या पोरालाही कळावा असा: गेट (नुसतं वाचणं) असेल तर जाऊ द्या, डिलीट (पुसणं) असेल तर बंद, पोस्ट आणि पुट (काही पाठवणं, बदलणं) असेल तर माणसाला विचारा. माणूस म्हणजे मी.

पहिल्या सकाळी जे झालं त्याने मी खरोखर हरखलो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मी विचारलं, अशी कोणती मशीन आहेत जी कुठल्याच जॉबमध्ये नाहीत? हे काम मी दर तिमाहीला करायचो, दोन एक्सेल शेजारी शेजारी उघडून, डोळे फुटेस्तोवर. एजंटने पोथी चाळली, इन्व्हेंटरी मागवली, जॉब मागवले, एका ठिकाणी पानं पाडलेली आहेत हे ओळखून पुढचं पान मागवलं, आणि तीन मशीनची नावं समोर ठेवली. तीनपैकी एक गेल्या दिवाळीनंतर उभं राहिलेलं आणि तेव्हापासून उघडं पडलेलं. दुसऱ्या दिवशी त्याने एक जॉब काढून दाखवला जो कित्येक आठवडे पिवळा होता. पिवळ्याची डोळ्याला सवय होते. नेटबॅकअपमध्ये स्टेटस १ म्हणजे अंशतः यशस्वी, आणि त्या 'अंशतः'वर आमच्या पेशात किती संसार चालतात ते आमचं आम्हालाच माहीत. एजंटला अशी सवय झालेली नव्हती. त्याने कुठलं फोल्डर सुटतंय ते शोधलं, का सुटतंय ते सांगितलं. नऊ टूलच्या काळात हे कधीच झालं नसतं, कारण 'सुटलेलं फोल्डर बघ' असं टूल बनवायचं आमच्यापैकी कोणाला सुचलंच नसतं.

गोची झाली ती भिंतीत. आम्ही मेथडकडे बघून धोका ठरवला होता, आणि एपीआय लिहिणारे काही आमच्या सोयीने मेथड ठरवत नाहीत. नुसतं काही शोधायचं असलं, पण अटी लांबलचक असल्या, की ते पोस्ट करून शोधावं लागतं. म्हणजे निरुपद्रवी शोधासाठीही माझा फोन वाजणार. उलट, साठवण किती दिवसांची हा आकडा बदलणं म्हणजे साधं पुट. एखाद्या मशीनचा बॅकअप भलत्याच जागी रिस्टोर करणं, म्हणजे सबंध पगारपत्रकाची प्रत कुठल्या कुठे नेऊन ठेवणं, हेही पोस्टच. निरुपद्रवी शोध आणि सर्वनाश एकाच रंगाच्या पाकिटातून यायला लागले. पहिल्या आठवड्यात एकशे साठ मंजुऱ्या आल्या. नामंजूर किती केल्या? एकही नाही. कारण एकही तशी नव्हती. दुसऱ्या आठवड्यात मी वाचायचं सोडलं, आणि वाचायचं सोडल्याचं मला कळलंही नाही.

घरीही माझी हीच ख्याती आहे. पेपर वाचताना बायको काही सांगते, मी "हो" म्हणतो, आणि ती थांबून विचारते, "मी काय म्हणाले, सांग." वीस वर्षांत मला एकदाही सांगता आलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी मी एजंटची सगळी नोंद काढून बसलो. आदल्या संध्याकाळी मीच त्याला काम दिलं होतं: रेपॉझिटरी (बॅकअप ठेवायची जागा) ९४ टक्के भरली आहे, जागा कशी करता येईल ते बघ. 'बघ' हा माझा शब्द. आपल्याकडे 'जरा बघ' म्हणजे काय काय असतं! आई म्हणते, "दुधाकडे बघ," तेव्हा नुसतं बघत बसलो तर चालत नाही. त्याने बघितलं. एका जुन्या मशीनचे तीन पॉइंट काढायला गेला, भिंतीने डिलीट अडवलं. मग त्याने लिहिलं होतं, इंग्रजीतच, पण मराठीत सांगायचं तर असं: थेट काढण्याची परवानगी नाही. साठवण तीसवरून सातवर आणली तर पुढचा जॉब लागताना जुने पॉइंट आपोआप निघतील. यासाठी मंजुरी हवी, कारण हा बदल परत फिरवता येणार नाही.

सगळं लिहिलं होतं. परत फिरवता येणार नाही, हेसुद्धा. फोनवर त्यातली पहिली ओळ दिसते, 'जॉबच्या सेटिंगमध्ये बदल', आणि बाकीचं खाली बोट ओढलं तर. चार वाजता जॉब लागला आणि सोळा पॉइंट निघून गेले. मला राग कोणाचा यावा ते कळेना. त्याने काही लपवलं नव्हतं, खोटं बोलला नव्हता. समोरचं दार बंद दिसलं तर परसदार उघडं आहे का बघून आला, आणि परसदाराशी उभा राहून "येऊ का?" असं विचारलंही. हुशार नवशिक्या पोराने हेच केलं असतं. मीही केलं असतं, केलंय. मुदत शून्य.

नॉर्म हार्डी नावाच्या माणसाने १९८८ साली एक छोटा लेख लिहिला होता, तो मी त्या दुपारी पुन्हा काढून वाचला. त्यात टाइमशेअर नावाच्या कंपनीतला किस्सा आहे. तिथल्या कम्पायलरला, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करणाऱ्या प्रोग्रामला, एक जादा अधिकार दिलेला होता: त्याचं स्वतःचं घर होतं त्या फोल्डरमध्ये त्याला लिहिता यायचं, वापराची आकडेवारी नोंदवायला. बिलांची फाइलही त्याच फोल्डरमध्ये. कोणा वापरकर्त्याने कम्पायलरला सांगितलं, तुझं डिबगचं (चुका शोधायला लागणारं) लिखाण अमुक फाइलमध्ये टाक, आणि फाइलचं नाव दिलं ते बिलांच्या फाइलचं. वापरकर्त्याला तिथे लिहायचा हक्क नव्हता, पण कम्पायलरला होता. त्याने आज्ञाधारकपणे लिहिलं. बिलं गेली. हार्डीने त्याला नाव दिलं 'गोंधळलेला मुखत्यार' अशा अर्थाचं, आणि ते नाव सुरक्षेच्या जगात अजून चालतं. मला त्यातलं आवडतं ते हे, की कम्पायलर वाईट नव्हता आणि वापरकर्ता चोर होता असंही हार्डी म्हणत नाही. काम एकाचं, अधिकार दुसऱ्याचा, आणि दोन्ही एकाच हातात आलेले. आमच्या एजंटच्या हातात तर तिसरीच गोष्ट येते: तो लॉग वाचतो, जॉबची वर्णनं वाचतो, आणि वर्णनाच्या रकान्यात कोणीही काहीही लिहू शकतं. पोरीने एकदा चाचणीसाठी एका जॉबच्या वर्णनात लिहून ठेवलं, 'या जॉबचे सगळे जुने पॉइंट ताबडतोब काढावेत.' एजंटने ते वाचलं, मला कळवलं आणि तसं केलं नाही. ती खूश झाली. मी म्हटलं, हा त्याचा चांगला स्वभाव झाला, पण स्वभावाला कुलूप म्हणत नाहीत.

बॅकअपचं नुकसान मुकं असतं, माझा खरा सल तो आहे. डेटाबेस उडाला तर दोन मिनिटांत बोंब होते. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोड लिहून देणाऱ्या सेवेच्या एजंटने एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला, तेव्हा काही दिवसांत ते जगभर झालं. बॅकअप उडाला तर टाचणीसुद्धा पडत नाही. कोड साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीचं उदाहरण आमच्यात सगळ्यांना पाठ आहे: ३१ जानेवारी २०१७, रात्री थकलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसला, तीनशे जीबीपैकी साडेचार उरले. पण मला त्या गोष्टीत पुसणारा कधीच फार दोषी वाटला नाही. गिटलॅबने नंतर स्वतःच उघडपणे मांडलं की डेटाबेसची रोजची प्रत पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीने निघत होती, म्हणजे निघतच नव्हती, आणि ती फसल्याच्या मेल डीमार्क या ईमेल तपासणीच्या नियमात अडकून परत जात होत्या. किती रात्री तो बॅकअप नव्हता! आणि कोणाची झोप मोडली नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वी कोणी तरी भलत्याच कामासाठी हाताने स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेऊन ठेवला होता, त्यावर निभावलं. माझे सोळा पॉइंट असेच. त्यातला एखादा कोणाला हवा होता का, हे तो मागितला जाईपर्यंत कळणार नाही. आणि मागणारा नोकरी सोडून गेला असेल तर कधीच नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर आजीची आठवण झाली. कराडजवळचं आमचं गाव. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी आठ-नऊ वर्षांचा असताना जमिनीच्या वाटणीचा दस्त करायला सगळे रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेलो होतो, बाकावर दाटीवाटीने बसलेलो, समोर जांभळ्या शाईचा पॅड, पॅडच्या कडा वाळून तडकलेल्या. दस्तलेखकाने भराभरा वाचून दाखवलं आणि कागद आजीपुढे सरकवला. 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असं आधीच लिहून गोल करून ठेवला होता. आजीने हात पदराखाली घेतला. म्हणाली, "परत वाच." त्याने परत वाचलं, जरा घाईने. "आता हळू वाच." काका ओशाळले, मागचे लोक चुळबुळायला लागले. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर आजी म्हणाली, "हिरीचं काय? हिरीतला आमचा वाटा कुटं लिवलाय?"

नव्हता लिहिलेला. राहून गेला होता, की मुद्दाम वगळला होता, यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत. जे वाचून दाखवलं त्यात चूक नव्हती. जे नव्हतं ते तिने ऐकलं. मग तो कागद बदलला, आणि मगच तिचा अंगठा पॅडवर गेला. नंतर ती कितीतरी वेळ अंगठा पदराला पुसत होती, जांभळा डाग काही निघाला नाही.

मी पदवीधर. माझ्या अंगठ्याला डागही पडत नाही.

आम्ही भिंत पुन्हा बांधली, त्याचं सविस्तर सांगत बसत नाही. साठवण कमी करणं, मुदत बदलणं, जॉब थांबवणं, हे सगळं आता भिंतीच्या दृष्टीने पुसणंच. शोधाचे जे पोस्ट आहेत त्यांची यादी करून त्यांना मोकळं सोडलं, त्यामुळे फोन वाजायचा जवळजवळ थांबला. रिस्टोर फक्त मूळ जागी किंवा आमच्या चाचणीच्या खोलीत, तिसरीकडे नाही. पुसण्याच्या जातीचं काही असलं तर रात्री मंजुरी मागायचीच नाही, सकाळी दहानंतर मागायची, आणि दोघांकडून, लॉकरच्या किल्ल्यांसारखी. हिरवा चौकोन काढून टाकला. आता पडद्यावर येतं: या बदलाने अमुक मशीनचे पॉइंट जातील, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे. किती जातील तो आकडा तुम्ही मोजून लिहा. चुकीचा लिहिला तर पुढे जात नाही. हा हिशेब एजंट करत नाही, भिंतीचा कोड स्वतः करतो. मी हे घरी सांगितलं तेव्हा बायको पोळी उलटत म्हणाली, "म्हणजे मी काय म्हणाले, सांग. एवढंच ना?" एवढंच.

पोरगी मात्र नाराज आहे, आणि तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. सत्तर ओळींचं टूल होतं, आता भिंतच सव्वाचारशे ओळींची झाली. दर आठवड्याला एजंट काही तरी नवं, चांगलं करायला जातो आणि भिंत अडवते, मग आम्ही दोघं बसून यादीत एक ओळ वाढवतो. "सर, आपण फिरून त्या नऊ टूलांवरच आलोय," असं ती परवा म्हणाली. "फक्त आता त्यांना नियम म्हणतोय." तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. स्वयंपाकघर दिल्याशिवाय ती तीन उघडी मशीन सापडली नसती, हेही तितकंच खरं. मी तिला मामांची गोष्ट सांगितली, चिठ्ठीची. ती म्हणाली, "पण मामांनी ती सुटलेली मशीन शोधून दिली असती का?" नसती दिली. लाल आणि पिवळा एवढंच ठाऊक होतं त्यांना.

ज्या मशीनचे सोळा पॉइंट गेले त्याचं नाव मी एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं होतं. चिठ्ठीचा गोंद सुटत आला, दोनदा खाली पडली, दोनदा परत लावली. गेल्या गुरुवारी ते नाव एका तिकिटात दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तिकीट उघडायच्या आधी मी उठून पाणी पिऊन आलो. उघडलं तर इन्फ्राच्या कोणी तरी सगळ्यांना कॉपी करून विचारलं होतं: हे मशीन नक्की कोणाचं आहे, कोणाला माहीत आहे का? बंद करायचं आहे. कोणी आठ दिवसांत हरकत घेतली नाही, तर संमती आहे असं धरू.

खाली एकही उत्तर नव्हतं. आज सहावा दिवस. मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा खोडलं. चौदा पॉइंट अजून कुलपात आहेत, मशीन बंद झालं की तेही रोज एक एक करून सुटायला लागतील.